सीव्हरला कोणी घालवलं?

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये त्या काळी हंगाम सुरू असताना खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत १५ जूनला मध्यरात्री संपायची. १९७७ साली त्याच रात्री न्यूयॉर्क मेट्स या संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू टॉम सीव्हर सिनसिनाटी रेड्सला देऊन टाकला आणि बदल्यात चार तरुण खेळाडू घेतले. डेव्ह किंगमन हा उत्तुंग फटके मारणारा फलंदाजही त्याच रात्री सॅन डिएगोला धाडला गेला. न्यूयॉर्कमध्ये या रात्रीला आजही ‘मध्यरात्रीचं हत्याकांड’ म्हणतात.

खेळाडूंचे सौदे तेव्हाही होत होते, आजही होतात. एखादा लाडका खेळाडू गेला की वर्तमानपत्रं हळहळतात, मालकांना झोडतात, चार दिवसांनी पुढच्या सामन्याकडे वळतात. सीव्हरचं प्रकरण वेगळं आहे. इथे वर्तमानपत्राने सौद्याची बातमी तर दिलीच, पण सौदा घडवायलाही हातभार लावला. माझी सगळी नोकरी मुंबईत एका मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर झाली, त्यामुळे या गोष्टीतला पत्रकार मला खेळाडूइतकाच महत्त्वाचा वाटतो. हल्ली वर्षातले काही महिने मी लेकीकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये असते. तिच्या घरापासून सात नंबरची लोकल थेट मेट्सच्या मैदानाशी जाते. बेसबॉल मला नातवाने शिकवला, सीव्हर मात्र मी शोधून वाचला. बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या मोठ्या वाचनालयात बसून मायक्रोफिल्मवर त्या उन्हाळ्यातले अंक डोळ्यांखालून घातले.

सीव्हर कोण होता, हे आधी सांगायला हवं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि सामन्याचा कल बहुतेक वेळा त्याच्यावरच ठरतो. मेट्स हा संघ १९६२ साली निघाला आणि पहिल्याच वर्षी १२० सामने हरला. पुढची काही वर्षं पराभव हीच त्याची ओळख होती. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा, मरीन कोअरच्या राखीव दलात राहून आलेला बावीस वर्षांचा सीव्हर संघात आला आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. १९६९ मध्ये त्याने २५ सामने जिंकून दिले आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना मेट्सनी बलाढ्य बाल्टिमोर ओरिओल्सना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याने १९६९, १९७३ आणि १९७५ असा तीनदा घेतला. १९७० च्या एप्रिलमध्ये सॅन डिएगोविरुद्ध त्याने १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, त्यांतले शेवटचे दहा ओळीने. लोक त्याला ‘द फ्रँचाइज’ म्हणत. म्हणजे संघ म्हणजे हाच.

त्याची चेंडू टाकण्याची ढब पाहण्यासारखी होती. डावा पाय पुढे टाकताना तो इतका खाली वाकायचा की उजवा गुडघा जमिनीला घासायचा. त्या गुडघ्यावर मातीचा डाग पडलेला असला की चेंडू बरोबर पडतो आहे, असं बघणारे समजायचे. सगळी ताकद मांड्यांतून आणि कमरेतून यायची, खांद्यावर ताण कमी पडायचा. वीस हंगाम तो याच बळावर टिकला.

आता मालकांकडे वळू. मेट्सच्या मूळ मालकीण जोन पेसन १९७५ मध्ये वारल्या. त्यानंतर कारभार संचालक मंडळाचे अध्यक्ष एम. डोनाल्ड ग्रँट यांच्या हाती एकवटला. हे वॉल स्ट्रीटवरचे शेअर दलाल. त्यांच्याविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: १९५७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स हा संघ सॅन फ्रान्सिस्कोला हलवायचं ठरलं, तेव्हा संचालक मंडळात विरोधात मत देणारे ते एकटेच होते. शहरावर त्यांचं प्रेम होतं. पण खेळाडू हा पगारी नोकर, त्याने पायरी सोडू नये, ही त्यांची धारणा पक्की होती. सीव्हरने पुढे सांगितलं की आपण ग्रीनिचच्या कंट्री क्लबचं सदस्यत्व घेतलं, तेही ग्रँटना खटकलं होतं.

ग्रँट यांच्या पिढीला हे स्वाभाविक वाटत होतं, कारण जवळजवळ शंभर वर्षं बेसबॉलमध्ये ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम होतं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ विकेल तिथे जायचं, नाहीतर खेळणं सोडायचं. सेंट लुइसचा कर्ट फ्लड हा कृष्णवर्णीय खेळाडू १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला पाठवला गेला तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. अनेक क्रीडास्तंभांनी त्याला कृतघ्न ठरवलं. त्याची कारकीर्द संपली, पण वाट मोकळी झाली. १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडूला करारानंतर मोकळं होता येऊ लागलं. पुढच्याच हिवाळ्यात रेगी जॅक्सनला यांकी संघाने पाच वर्षांसाठी तीस लाख डॉलरच्या घरात रक्कम दिली.

सीव्हरने १९७६ मध्ये तीन वर्षांचा करार केला होता, वर्षाला सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास. वर्षभरातच बाजारभाव त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्याने करारात सुधारणा मागितली. त्याहून ग्रँटना झोंबलं ते त्याचं दुसरं बोलणं. संघ चांगले फलंदाज विकत घेत नाही, असं तो उघड म्हणू लागला. सीव्हर शिकलेला, विचार करून बोलणारा, खेळाडू संघटनेत पुढाकार घेणारा माणूस होता. संघाच्या दुबळेपणाबद्दल तो जे म्हणत होता ते खरं होतं. १९७७ मध्ये मेट्स तळाला गेले.

इथे डिक यंग येतात. ‘डेली न्यूज’ हे त्या वेळी अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकांपैकी एक, आणि यंग त्याचे सर्वांत वजनदार क्रीडास्तंभलेखक. त्यांना साधे भाडोत्री लेखक समजणं अन्यायाचं होईल. प्रेस बॉक्समधून उतरून खेळाडूंच्या खोलीत जायचं, त्यांच्या तोंडचे शब्द आणायचे आणि सामन्याच्या बातमीत घालायचे, ही पद्धत रुळवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. आज जगभरचे क्रीडापत्रकार जे करतात, त्याचं बरंचसं श्रेय त्यांना आहे. मेट्सच्या अगदी सुरुवातीच्या, सतत हरण्याच्या काळात मैदानावर फलक घेऊन नाचणाऱ्या प्रेक्षकांना ‘नवी जात’ म्हणून त्यांनीच कौतुकाने उचलून धरलं. त्यांची वाक्यं आखूड आणि धारदार असत. मी संपादन केलेल्या हजारो कॉप्यांत अशी धार मला क्वचित दिसली.

पण सत्तरच्या दशकात खेळाडूंचे पगार वाढू लागले आणि यंग त्यांच्यावर उलटले. करार केला की तो पाळायचा, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा चुकीचा नाही. त्यावर सरळ वाद घालता येतो आणि अनेक सज्जन वाचकांना तो पटतही होता. अडचण पुढे आहे. यंग यांचे जावई मेट्स संघाच्या कार्यालयात नोकरीला होते. ज्या व्यवस्थापनाची बाजू सासरे दिवसाआड मांडत होते, त्याच व्यवस्थापनाकडून घरात पगार येत होता. मी डेस्कवर असते तर एवढ्या एका कारणासाठी तो विषय दुसऱ्याकडे द्या, असं म्हटलं असतं. त्यांच्या संपादकांनी म्हटलं नाही.

त्याच दैनिकात मेट्सचं वार्तांकन करायला जॅक लँग होते. संघ जन्मल्यापासून त्यांनी मेट्सचे सामने लिहिले होते. त्यांचं आधीचं वर्तमानपत्र त्याच वर्षी मार्चमध्ये बंद पडलं आणि ते ‘डेली न्यूज’मध्ये आले. लँग यांचा ओढा सीव्हरकडे. ग्रँटना वगळून जोन पेसन यांची मुलगी लॉरिंडा डी रूले हिच्याशी थेट बोल, ती संघाची प्रमुख आहे, असं त्यांनीच सीव्हरला सुचवलं. वार्ताहराने असं मध्ये पडावं का, हा प्रश्न मला यंग यांच्याइतकाच लँग यांनाही विचारावासा वाटतो. मात्र त्यांच्या मध्यस्थीने काम झालं होतं. १४ जूनच्या रात्री सीव्हर आणि डी रूले यांचं करार वाढवण्यावर तत्त्वतः जमलं. सीव्हर न्यूयॉर्कला राहणार होता.

१५ जूनच्या सकाळी यंग यांचा स्तंभ छापून आला. मेट्स तेव्हा अटलांटात होते. स्तंभातला बराचसा मजकूर नेहमीचाच होता. त्यात एक नवी गोष्ट होती. नोलन रायन हा सीव्हरचा जुना सहकारी, १९७१ मध्ये मेट्सनी कॅलिफोर्निया एंजल्सला देऊन टाकलेला. त्याचा पगार आता सीव्हरपेक्षा जास्त आहे, सीव्हरची पत्नी नॅन्सी आणि रायनची पत्नी रूथ मैत्रिणी आहेत, आणि हे सीव्हरच्या मनाला लागलं आहे, अशा अर्थाचं यंग यांनी लिहिलं. वाचणाऱ्याला कळायचं ते कळलं. नवऱ्याच्या पगाराच्या मागणीमागे बायकांमधली चढाओढ आहे.

सीव्हरला हा मजकूर अटलांटाच्या हॉटेलात कळला. त्याने मेट्सचे जनसंपर्क अधिकारी आर्थर रिचमन यांना सांगितलं, आता बोलणी बंद, मला इथून बाहेर काढा. पैशावरून, खेळावरून, स्वभावावरून त्याने महिनोन्‌महिने टीका सोसली होती. बायकोचं नाव आल्यावर त्याने आवरतं घेतलं. पुढेही तो अनेकदा म्हणाला की त्याला ढकललं ते त्या एका मजकुराने. मध्यरात्रीपर्यंत सौदा झाला.

मला यंग यांचं ते वाक्य ओळखीचं वाटलं, कारण त्याच्या जातीची वाक्यं माझ्या टेबलावर अनेकदा आली होती. ‘घरातून दबाव असल्याचं समजतं’, ‘पत्नीच्या आग्रहामुळे’, ‘लग्नानंतर लक्ष उडालं’. अशा वाक्याला सूत्र नसतं, पुरावा नसतो, आणि ज्या बाईबद्दल ते असतं तिला कोणी फोन केलेला नसतो. वार्ताहर म्हणायचा, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत असेल तर लिहायची गरज नाही आणि कोणालाच नक्की माहीत नसेल तर लिहायचा अधिकार नाही. मी अशी वाक्यं काढत गेले. त्यावरून भांडणंही झाली. २०१५ च्या विश्वचषकात सिडनीला भारत उपांत्य सामना हरला आणि विराट कोहलीच्या अपयशाचं खापर प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्मावर फोडलं गेलं, तेव्हा मला कळलं की ही खोड एका शहराची किंवा एका काळाची नाही.

१६ जूनला सीव्हर मेट्सच्या शे स्टेडियमवर आपलं कपाट रिकामं करायला आला. वार्ताहर भोवती जमले होते. प्रेक्षकांबद्दल काय सांगशील, असा प्रश्न आला आणि त्याला बोलता येईना. रडू आवरेना. त्याने एका वार्ताहराची वही मागून घेतली आणि जे तोंडाने निघत नव्हतं ते लिहून दिलं. मी प्रेक्षकांना आनंदाचे क्षण दिले, त्यांनी तितकेच परत केले, काही दिवसांपूर्वी पिचर सँडी कूफॅक्सचा स्ट्राइकआउटचा आकडा मागे टाकल्यावर मिळालेला टाळ्यांचा गजर विसरणार नाही, असा त्याचा आशय होता. वर्षानुवर्षं खेळाडूचे शब्द टिपून घेणाऱ्या वहीत त्या दिवशी खेळाडूने स्वतः लिहिलं. त्या दिवसाच्या सगळ्या वार्तांकनात मला हा तपशील सर्वांत खरा वाटतो.

न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत नंतरचे दिवस गदारोळाचे गेले. शहराची तशीही त्या उन्हाळ्यात दैना होती. तिजोरी रिकामी होती. ‘सन ऑफ सॅम’ म्हणवणारा खुनी मोकाट होता आणि त्याने त्याच ‘डेली न्यूज’चे स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन यांना पत्र पाठवलं होतं. १३ जुलैच्या रात्री जवळजवळ सगळ्या शहराची वीज गेली आणि लुटालूट झाली. अशा शहराचा एक अभिमान मालकांनी विकला, अशी लोकांची भावना होती आणि बहुतेक लेखण्या लोकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे रेड स्मिथ यांनी अत्यंत संयमाने लिहिलं. सीव्हर हा स्वतंत्र बुद्धीचा माणूस आहे आणि ग्रँट व त्यांच्या भोवतालच्यांनी त्याच्या स्वाभिमानाला उद्दामपणा समजण्याची चूक केली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात ना शिवी होती ना कोणाच्या घरातली गोष्ट. इतक्या मोठ्या गलक्यात असं लिहिता येतं, हे मी नव्या मुलांना नेहमी दाखवत आले असते, जर हा लेख तेव्हा माझ्याकडे असता.

क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या गणेश मंदिराची प्राणप्रतिष्ठा त्याच उन्हाळ्यात, ४ जुलै १९७७ ला झाली. त्या मंदिराच्या कॅन्टीनमध्ये मला ऐंशी पार केलेले कऱ्हाडचे एक काका भेटले. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आलेले. २१ ऑगस्टला सीव्हर रेड्सचा पिचर म्हणून शे स्टेडियमवर परतला, त्या दिवशी ते तिथे होते. “अहो ताई, मेट्सच्या मैदानावर मेट्सचीच माणसं समोरच्या पिचरसाठी उभी राहिली,” ते सांगत होते. “मला इंग्रजी पेपर वाचून कळलं नव्हतं ते त्या टाळ्यांनी कळलं.” रेड्स तो सामना ५-१ असे जिंकले.

आकडे यंग आणि ग्रँट यांच्या बाजूचे नाहीत. बदल्यात आलेल्या चौघांपैकी पॅट झॅकरी, स्टीव्ह हेंडरसन आणि डग फ्लिन हे कामाचे खेळाडू निघाले, डॅन नॉर्मन फारसा चमकला नाही. पण १९७०ला मेट्सच्या मैदानात जवळपास २७ लाख प्रेक्षक आले होते. १९७९ला आठ लाखसुद्धा आले नाहीत. संघ लागोपाठ तीन वर्षं तळाला राहिला. मैदानाला लोक ग्रँटची कबर म्हणू लागले. १९७८ अखेर ग्रँट यांना जावं लागलं आणि १९८०च्या सुरुवातीला संघ विकला गेला. सीव्हरने १६ जून १९७८ रोजी, सौद्याच्या एक वर्ष आणि एक दिवसानंतर, कारकिर्दीतला एकमेव ‘नो-हिटर’ टाकला. म्हणजे नऊ डावांत प्रतिस्पर्ध्याला एकही फटका मारून पहिलं ठाणं गाठता आलं नाही.

आपल्याकडे आता आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा प्रकार घरोघरी पोहोचला आहे. २०२३च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, आणि १ एप्रिल २०२४ला वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. निर्णय संघाच्या मालकांचा, शिक्षा खेळाडूला. त्या चार महिन्यांत मी जे वाचलं त्यात खेळाडूंच्या खोलीत कोण काय म्हणालं याच्या सूत्रांकडून आलेल्या कथा रग्गड होत्या. हा सौदा कोणत्या नियमाने झाला, पैसे कोणाला किती मिळाले, खेळाडूची संमती कशी घेतली जाते, हे समजावून सांगणारा मजकूर शोधावा लागत होता. वाचकाला याची भूक आहे. ती भागवणं हे आमच्या धंद्याचं काम आहे.

यंग यांना १९७८चा जे. जी. टेलर स्पिंक पुरस्कार मिळाला, बेसबॉलवर लिहिणाऱ्यांसाठीचा सर्वोच्च. लँग यांनाही तो नंतर मिळाला. यंग १९८७ मध्ये वारले. पुरस्कार त्यांच्या हयातभराच्या कामाला होता आणि त्या कामाला तो योग्यच होता. १५ जूनच्या सकाळचा स्तंभ मात्र त्यांनी लिहायला नको होता, आणि लिहिला तरी संपादकांनी छापायला नको होता.

सीव्हर १९८३ मध्ये एका हंगामापुरता मेट्सकडे परत आला. ३११ विजय आणि ३,६४० स्ट्राइकआउट नावावर ठेवून तो निवृत्त झाला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तो गेला. मेट्सच्या नव्या मैदानाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, उजवा गुडघा जमिनीकडे झुकलेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये कोणाला घ्यायचं हे तिथे क्रीडापत्रकार मतदानाने ठरवतात. १९९२ मध्ये ४३० जणांनी मतं दिली. त्यांतल्या ४२५ मतपत्रिकांवर सीव्हरचं नाव होतं. उरलेल्या पाचांपैकी तीन पत्रिका कोऱ्या होत्या आणि त्या पीट रोझ या खेळाडूला मतपत्रिकेतून वगळल्याच्या निषेधासाठी. ९८.८४ टक्क्यांचा हा विक्रम २०१६ पर्यंत कोणी मोडला नाही. तिथल्या फलकावर त्याच्या डोक्यावर जी टोपी आहे, ती मेट्सची.